किरकोळ दुरुस्ती

बंदरावरच्या बागेत, घसरगुंडीला लागून
दोरांचा एक मनोरा आहे.
मधे लोखंडी खांब, भोवती निळं जाळं,
टोकाला बसायला ताटाएवढी फळी.
ठेकेदार लांबचा. फलकावर त्याचा नंबर आहे,
तो लागत नाही.

खाऱ्या वाऱ्याने खांबाला गंज आणला,
गंजाने दोर कातरला,
आणि नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी
एल्टन डिसोजाचा पाय मांडीपर्यंत आरपार गेला.
मी ग्रामसेवक, मूळ गाव म्हसवड,
पोहता येत नाही, बांगडा खातो पण काटे मोजून.
वहीत लिहिलं: जाळे तुटले. कार्यवाही करणे.

कार्यवाही म्हणजे न्हानू गिरप.
लुंगीला हात पुसत आले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली.
मनोऱ्याभोवती एक फेरी मारली
होडी विकत घ्यायची असल्यासारखी.
दोराचा पीळ चिमटीत उलटा फिरवला, हुंगला.
“चार आस गेले,” म्हणाले.
मला वाटलं, कुणी वारलं.

आस म्हणजे जाळ्यातलं एक घर.
आमच्याकडे आस लागते,
टँकरची, बदलीच्या कागदाची;
इथे ती बोटांनी मोजतात.
बांगड्याला एवढी, सुरमईला एवढी.
डोकं आत जायला हवं, अंग नको;
मग मासा मागे सरतो
आणि कल्ल्यांत अडकतो.
पंचावन्न वर्षं या माणसाने
अशीच घरं विणली,
शिरता येतं, परतता येत नाही अशी.

“आणि पोरांचो आस केवढो?”
मला विचारलं. परिपत्रकात नव्हतं.

मग त्यांनी काथ्याचं एक कडं वळलं
आणि रांगेत उभ्या पोरांच्या डोक्यांवरून
एकेक करून उतरवलं.
एल्टनचे कान आडवे आले, कडं सैल केलं.
स्वरांगीच्या दोन वेण्या वर धरून पाहिलं.
सगळ्यात धाकट्या ताहाचं पाऊल मागितलं,
तळहातावर तोलून बघितलं
जत्रेतल्या कलिंगडासारखं.
गेलेलं डोकं आलं तसं परत निघायला हवं,
टेकलेला पाय निसटता नये.
हे ते मला सांगत नव्हते.
सुईला सांगत होते.

दोन संध्याकाळी लागल्या.
दोर त्यांच्याच नांगराचा, उरलेला, हिरवा.
निळ्यात चार हिरवी घरं,
जरा वाकडी. गाठी मात्र अशा
की मी पेनाच्या टोकाने उकलून पाहिली एक,
पेन मोडलं.

स्वरांगी पहिली चढली.
फळीपर्यंत गेली, वळली, खाली बघितलं,
आणि तिथेच थिजली.
खाली तिची आई, हातात माशांची पाटी, ओरडायला लागली.
एल्टन हसला. मी शिडी आणायला धावलो,
अर्ध्यात आठवलं, शिडी शाळेत, शाळेला कुलूप.
न्हानू जाळ्याखाली उभे.
उतर म्हणाले नाहीत, घाबरू नको म्हणाले नाहीत.
अंधारात खडपं चुकवत होडी आत घेताना
बोलत असतील तसं, सावकाश:
“डावो पाय सोड. गाठ आसा.”
पाय हवेत चाचपला. टेकला.
“हात खाली घे. गाठ आसा.”
“उजवो. आसा.”
“आसा.”
“आसा.”

आसा म्हणजे आहे. एवढं तीन वर्षांत कळलंय मला.

बिल त्यांनी बिडीच्या कागदावर दिलं:
चार आस, दोनशे रुपये, दोर घरचा.
आस कुठल्या शीर्षाखाली टाकायचे
हे कुणालाच विचारलं नाही.
किरकोळ दुरुस्ती लिहिलं, शिक्का मारला.

काल तिन्हीसांजेला बागेत कुणी नव्हतं.
चपला काढल्या,
तिसऱ्या गाठीपर्यंत गेलो.
तिथून समुद्र तेवढाच दिसतो.
एक होडी दिवा लावून बाहेर निघालेली.
फलकावर लिहिलंय, चाळीस किलोपेक्षा जास्त वजन नको.
मी एकाहत्तर.
थोडा वेळ तसाच राहिलो,
मग पाय सोडला, न बघता.